पिवळ्याचं तपकिरी का झालं? ड्रॅगन स्प्रिंगच्या एका ओहोळाचं प्रकरण

अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात नॉरिस नावाचं गरम झऱ्यांचं खोरं आहे. तिथल्या ड्रॅगन स्प्रिंग या झऱ्यातून एक ओहोळ निघतो. उगमापाशी त्याच्या तळावर फिकट पिवळ्या तंतूंचा जाड थर असतो. पावणेतीन मीटर पुढे गेलं की हा पिवळा थर संपतो आणि गंजलेल्या पत्र्यासारखा तपकिरी थर सुरू होतो. आणखी खाली, पाणी बऱ्यापैकी निवल्यावर, गर्द हिरवा.

आता या प्रकरणातली मेख सांगतो. पिवळा आणि तपकिरी हे दोन्ही थर जिथे भेटतात, त्या टप्प्यात पाण्याचं तापमान 58 ते 62 अंश सेल्सिअस असतं. म्हणजे जवळजवळ सारखंच. झरा एक, पाणी तेच, ऊन तेच. तरी चार पावलांत अख्खी वस्ती बदलते. का?

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मला हे प्रकरण फार उपयोगी पडतं. गरम झरे म्हटलं की विद्यार्थ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट असते, उष्णता. "इतक्या गरम पाण्यात जगतात तरी कसे?" हा प्रश्न ठरलेला. त्यामानाने "तिथे खातात काय?" हा प्रश्न क्वचितच येतो. ड्रॅगन स्प्रिंगपाशी मात्र तो टाळताच येत नाही.

तापमानाचं उत्तर कुठपर्यंत पुरतं

उष्णतेचं वेड अगदीच निराधार नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांनी 1960च्या दशकात यलोस्टोनमध्ये काम सुरू केलं तेव्हा त्यांनाही पहिल्यांदा तापमानाचाच पट्टा दिसला. उगमाशी उकळतं पाणी, तिथे प्रकाशावर जगणारं काही नाही. पाणी 73 अंशांच्या आसपास निवलं की नीलहरित जिवाणूंचा पिवळसर थर, मग नारिंगी, मग त्याहून गडद. ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंगचे ते इंद्रधनुषी फोटो आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. अमेरिकेला जाऊन आलेल्या निम्म्या मराठी घरांच्या अल्बममध्ये एखादा असतोच. तिथे बाहेरच्या वलयांचा हिशेब बऱ्याच अंशी तापमानानेच लागतो.

ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी 1966 मध्ये मशरूम स्प्रिंगमधून थर्मस अक्वॅटिकस हा जिवाणू वेगळा केला. त्याच्या विकरावर (एन्झाइमवर) पुढे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं पीसीआरचं तंत्र उभं राहिलं. ही गोष्ट आता पाठ्यपुस्तकात गेली आहे, तिच्यात मी शिरत नाही. ती इथे आणायचं कारण एवढंच, की मशरूम स्प्रिंगचं पाणी किंचित आम्लारी आहे. सामू (pH; आकडा जितका लहान तितकं पाणी जास्त आम्ल) 8च्या जवळपास. ब्रॉक यांनी तेच चष्मे घालून आम्लधर्मी झऱ्यांकडे पाहिलं तेव्हा चित्र जुळेना. 1973 मध्ये त्यांनी मांडलं की सामू 4च्या खाली नीलहरित जिवाणू आढळतच नाहीत, मग तापमान कितीही सोयीचं असो. आम्ल पाण्यात प्रकाशावर जगणारी दुसरीच मंडळी असतात आणि त्यांची मर्यादा 73 नव्हे, सुमारे 56 अंश.

सामू हा शब्द आपल्याला माती परीक्षणाच्या अहवालामुळे ओळखीचा आहे. तिथे साडेसहा की साडेआठ यावर कोणतं पीक घ्यायचं ते ठरतं. ड्रॅगन स्प्रिंगचा सामू 3.1 आहे. ही मोजपट्टी दहापटीची असल्यामुळे सामू 8 आणि सामू 3 यांत आम्लतेचा फरक पाच नव्हे, एक लाख पट आहे. जिवाणूच्या पेशीचं आतलं पाणी मात्र उदासीनच्या आसपास राहावं लागतं. बाहेरचं आम्ल अष्टौप्रहर आत शिरू पाहतं आणि पेशीला ते पंपाने उपसून बाहेर टाकावं लागतं. ज्याचं आवरण त्या मानाने घट्ट नाही, त्याची सगळी कमाई उपशातच जाते.

एकाच उद्यानात दोन तऱ्हांचं पाणी कसं

खोलवर तापलेलं पाणी वर येताना दाब कमी होऊन उकळतं आणि त्याचे दोन भाग पडतात. वाफेबरोबर वायू जातात: कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन, आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. मागे राहिलेल्या पाण्यात क्लोराइड, सिलिका, आर्सेनिक हे विरघळलेले पदार्थ राहतात. हे पाणी थेट वर आलं की मशरूम स्प्रिंगसारखा आम्लारी झरा. वाफ मात्र पृष्ठभागाजवळच्या ओल्या मातीत शिरली, की तिच्यातल्या सल्फाइडचं हवेच्या संपर्कात गंधकाम्ल होतं. मग खडक कुजून चिखल होतो आणि बुडबुडणारी आम्ल डबकी तयार होतात.

नॉरिसमध्ये या दोन्ही पाण्यांची सरमिसळ होते. यलोस्टोनमधलं हे सर्वांत तापट खोरं. तिथे घेतलेल्या एका वेधनछिद्रात 330 मीटरच्या आसपास 237 अंश तापमान मिळालं होतं. ड्रॅगन स्प्रिंगच्या पाण्यात म्हणून दोन्हीकडचा वारसा आहे. वाफेकडून गंधकाम्ल आणि सल्फाइड, खोल पाण्याकडून क्लोराइड आणि आर्सेनिक. शिवाय आम्लाने खडकातून सोडवलेलं लोह.

आपल्या कोकणातल्या उन्हाळ्यांशी, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांशी, याची तुलना करायचा मोह होतो, पण जरा जपून. उन्हवरे, तुरळ, राजापूर, वज्रेश्वरी-गणेशपुरी इथल्या कुंडांखाली ज्वालामुखीचा जिवंत शिलारस नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि परत येतं. पाण्याचा सामू बहुतेक ठिकाणी उदासीन ते किंचित आम्लारी. काही कुंडांवर गंधकाचा वास येतो म्हणून लोक त्याला गंधकाचं पाणी म्हणतात आणि त्वचारोगासाठी अंघोळ करतात. पण ड्रॅगन स्प्रिंगमध्ये पाय घातला तर त्वचारोगाचा प्रश्न त्वचेसकट निकालात निघेल.

सोमल

आर्सेनिकला आपल्याकडे जुना शब्द आहे, सोमल. उंदीर मारायला वापरायचे तो. ड्रॅगन स्प्रिंगच्या उगमाशी लिटरभर पाण्यात तो सुमारे अडीच मिलिग्रॅम असतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतातली मानक मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. म्हणजे अडीचशे पट.

उगमाशी हा जवळजवळ सगळा सोमल आर्सेनाइट या रूपात असतो. त्याला ऑक्सिजन मिळून त्याचं आर्सेनेट होऊ शकतं. नुसत्या हवेवर सोडलं तर ही क्रिया फार सावकाश चालते. मोंटाना स्टेट विद्यापीठातल्या लँगनर, जॅक्सन, मॅकडरमॉट आणि इन्स्कीप यांनी ओहोळाच्या लांबीने जागोजागी पाणी तपासलं आणि 2001 मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या 2.7 मीटरमध्ये आर्सेनाइट जसंच्या तसं, कणभरही बदल नाही. त्यानंतर 2.7 ते 5.6 मीटरच्या पट्ट्यात ते झपाट्याने आर्सेनेट झालं. दर 35 सेकंदांना उरलेल्यातलं निम्मं, अशा वेगाने.

2.7 मीटर. म्हणजे पिवळा थर संपतो तिथेच.

जिवंत जिवाणू असतील तरच हे घडतं, हेही त्यांनी तपासून घेतलं. तपकिरी थर म्हणजे जिवाणूंच्या तंतूंवर साचलेला लोहाचा गंज आणि त्यात अडकलेलं आर्सेनेट. दर दहा लोह-अणूंमागे सात आर्सेनिकचे, इतकं दाट. याचं कारण साधं आहे. या आम्लतेला आर्सेनाइटवर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते गंजाला नीट धरत नाही. आर्सेनेटवर ऋण भार असतो आणि गंजावर धन, म्हणून ते चिकटून बसतं. आणि गंजही आपोआप पडलेला नाही. आपल्या नळाच्या पाण्यात लोह असलं तर बादली काही तासांत तांबूस होते, पण सामू 3ला तीच क्रिया फार मंदावते. तिथे लोहाला गंज चढवायला सुद्धा सूक्ष्मजीवच लागतात. यलोस्टोनच्या अशा तपकिरी थरांतून मेटॅलोस्फेरा यलोस्टोनेन्सिस नावाचा एक आर्किया (दिसायला जिवाणूसारखा, पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव) पुढे वेगळा केला गेला. त्याचा उदरनिर्वाह याच कामावर चालतो.

तर मग पहिल्या पावणेतीन मीटरमध्ये सोमल पचवणारे जिवाणू नाहीत का? सगळ्यांना आधी तसंच वाटेल. मलाही वाटलं असतं.

बाटलीतला नमुना

इथे प्रकरणाला कलाटणी मिळते. त्याच विद्यापीठातल्या डी'इम्पेरियो आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये थराचे नमुने झऱ्याबाहेर काढून तपासले. सल्फाइड नसेल किंवा अगदी कमी असेल, तर थराने आर्सेनाइटवर लगेच काम सुरू केलं. वाढायला वेळ नाही, नवं विकर बनवायला वेळ नाही. लगेच. म्हणजे हत्यारं तिथे होतीच, फक्त कुणीतरी हात धरून ठेवले होते.

हात धरणारा होता हायड्रोजन सल्फाइड. ओहोळात सल्फाइड लिटरला 5 मायक्रोमोलच्या वर असेल, तिथे आर्सेनाइट बदलत नाही. 5 मायक्रोमोल म्हणजे मिलिग्रॅमचा सहावा हिस्सा. उगमाशी सल्फाइड याहून कितीतरी जास्त असतं. वाहताना काही हवेत उडून जातं, काही पिवळ्या थरातले जिवाणू फस्त करतात. त्याची पातळी खाली येते आणि अडथळा दूर होतो.

ही अडवणूक कशा तऱ्हेची आहे हेही त्यांनी पाहिलं, आणि मला हा भाग सगळ्यांत आवडतो. काही विषं विकराच्या दारात मूळ पदार्थाशी धक्काबुक्की करून जागा बळकावतात. अशा वेळी मूळ पदार्थ वाढवला की त्याची सरशी होते. सल्फाइडचं गणित तसं निघालं नाही. आकड्यांचा कल असा होता, की आर्सेनाइट आत जाऊन बसल्यावर सल्फाइड बाहेरून कडी घालतं. त्यामुळे आर्सेनाइट कितीही वाढवा, सुटका नाही.

याच कामात कमी सल्फाइडच्या पट्ट्यातून एक जिवाणू वेगळा झाला, अ‍ॅसिडिकाल्डस वंशाच्या जवळचा. तो खरोखर सोमलावर जगतो; आर्सेनाइटचं आर्सेनेट करताना सुटणारी ऊर्जा हेच त्याचं जेवण. तो ओहोळात कुठे किती आहे ते मोजलं, आणि तापमान, ऑक्सिजनची गरज, सल्फाइड या तिन्हींशी ताडून पाहिलं. पहिल्या दोघांशी काही मेळ बसला नाही. सल्फाइडशी बसला.

एक गोष्ट कामाच्या माणसांसाठी. समजा, कुणी पिवळ्या थराचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत आणला. वाटेत सल्फाइड उडून गेलं. प्रयोगशाळेत आर्सेनाइट घातलं, ते भराभर बदललं, आणि अहवालात लिहिलं की "उगमापाशी आर्सेनाइटचं ऑक्सिडीकरण वेगाने होतं". आकडा बरोबर, निष्कर्ष साफ चूक. नुसते जनुक वाचणाऱ्याचीही हीच फसगत होईल. विकराचं जनुक सापडलं म्हणजे विकर काम करतंय असं नाही. नदी-विहिरींचे नमुने गोळा करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण एकदा नीट वाचावं. वायू विरघळलेलं पाणी जागेवरच मोजायचं असतं.

पिवळ्या थरात कोण राहतं

पिवळा रंग गंधकाचा. हायड्रोजन सल्फाइडला ऑक्सिजन अर्धवट मिळाला की मूलद्रव्य गंधक तयार होतं आणि जिवाणूंच्या तंतूंवर बसतं. या थरात हायड्रोजेनोबॅक्युलम नावाच्या जिवाणूंचं राज्य आहे. ते कशावर जगतात यावर काही वर्षं चांगलाच वाद रंगला.

2005 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या स्पिअर, पेस आणि सहकाऱ्यांनी मांडलं की यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतल्या जीवसृष्टीचं मुख्य इंधन हायड्रोजन असावं. पुरावा दमदार होता. झऱ्यांमागून झऱ्यांत हायड्रोजन सापडला, आणि ज्यांचे ज्ञात नातेवाईक हायड्रोजनवर जगतात असे जिवाणू बहुसंख्य दिसले. ड्रॅगन स्प्रिंगसारख्या आम्ल झऱ्यातून 2004 मध्ये वेगळा केलेला एक हायड्रोजेनोबॅक्युलमही फक्त हायड्रोजनवरच वाढायचा. गंमत म्हणजे तो आर्सेनाइटचं आर्सेनेट करायचा, पण आर्सेनाइटवर जगत नव्हता, आणि दोन्ही रूपांतला सोमल त्याला बाधायचा. सल्फाइडपुढे त्याचंही हे काम लंगडं पडायचं.

डी'इम्पेरियोंच्या गटाने 2008 मध्ये यलोस्टोनच्या एका आम्ल झऱ्यात दोन्ही इंधनं मोजली. सल्फाइडची उपलब्धता आणि खप, दोन्ही हायड्रोजनच्या सुमारे हजार पट. मग त्यांनी तिथून हायड्रोजेनोबॅक्युलमचे अनेक वाण वाढवले. काही फक्त सल्फाइडवर जगले. काही फक्त हायड्रोजनवर. काहींना दोन्ही चालायचं. आणि हे फरक एकाच वाणगटात होते, ज्यांची 16एस आरएनएची (जिवाणूंची जात ओळखायला वापरतात त्या रेणूची) ओळखखूण शंभर टक्के जुळत होती! सगळ्यांत बहुसंख्य असलेल्या गटाचा प्रतिनिधी दोन्ही इंधनं एकाच वेळी वापरायचा, पण झऱ्यातल्या प्रमाणात दिली तर सल्फाइडवर जास्त चांगला वाढायचा.

आडनावावरून माणूस काय जेवतो हे ओळखायची आपली सवय इथे पार उघडी पडते. स्पिअर-पेस यांचं अनुमान नातेवाइकांवर बरंच अवलंबून होतं, आणि नातं पोटाबद्दल फारसं सांगत नाही. म्हणून त्यांचं काम फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. जिथे सल्फाइड नाममात्र आहे तिथे हायड्रोजनचं महत्त्व मोठं असूच शकतं. पण सरसकट विधान टिकलं नाही.

नातं निरुपयोगीच आहे असंही नाही, जरा लांबून पाहायला हवं. हायड्रोजेनोबॅक्युलम ज्या अ‍ॅक्विफिकेल्स गणातला, त्या गणाच्या तीन शाखा यलोस्टोनभर पसरलेल्या आहेत आणि त्यांनी झरे जणू वाटून घेतले आहेत. आम्ल पाणी असेल तर हायड्रोजेनोबॅक्युलम. सामू उदासीनच्या आसपास आणि सल्फाइड भरपूर असेल, मॅमथच्या चुनखडी झऱ्यांसारखं, तर सल्फ्युरिहायड्रोजेनिबियम. पाणी आम्लारी आणि सल्फाइड नगण्य असेल, तर थर्मोक्रिनिस. ऑक्टोपस स्प्रिंगच्या उगमाजवळ 80 अंशांच्या वरच्या पाण्यात जे गुलाबी तंतू लहरत असतात आणि ज्यांनी ब्रॉक यांना पहिल्यांदा चक्रावून टाकलं, ते थर्मोक्रिनिसचे. तिघांना उष्णता चालते, तिघांना प्रकाश नको. कोण कुठे राहणार ते सामू आणि सल्फाइड ठरवतात. त्या चौकटीच्या आत कोणता वाण काय खाणार, ते ज्या-त्या मीटरवर ठरतं.

हिरव्या टप्प्यावर

ओहोळ 56 अंशांच्या खाली निवला की हिरवा थर येतो. पाहणाऱ्याला नीलहरित जिवाणूंचा थर वाटावा, पण सामू 3ला ते नसतात हे वर आलंच. इथे सायनिडियम आणि त्याचे भाऊबंद असतात. कुळाने हे लाल शैवालं, रंगाने हिरवी, आणि पेशीत केंद्रक असलेली. केंद्रकवाल्या पेशींनी इतकी उष्णता आणि इतकं आम्ल एकदम सोसणं ही त्या जगातली अपवादात्मक गोष्ट आहे. सोमलाची गाठ त्यांनाही चुकलेली नाही. नॉरिसमधून वेगळ्या केलेल्या सायनिडिओस्कायझॉनवर 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं, की ते आर्सेनाइटचं आर्सेनेट करतं, उलटही करतं, आणि आर्सेनिकला मिथिल गट जोडून कमी विषारी संयुगंही बनवतं.

इथवर आल्यावर सल्फाइड संपलेलं असतं. पिवळ्या आणि तपकिरी थरांना सूर्य उगवला काय, मावळला काय, फारसा फरक पडत नव्हता. हिरव्या थराला पडतो. हिवाळ्यात आणि वसंतात तो गर्द असतो. ऐन उन्हाळ्यात, सुमारे तेवीसशे मीटर उंचीवरच्या प्रखर अतिनील किरणांत तो फिका पडतो, आणि दिवस लहान होऊ लागले की परत भरून येतो. पाणी तेव्हाही सामू 3चंच असतं.